डोंगरी लोक आणि त्यांच्याविषयींचीं पुस्तकें

ज्या अमेरिकेहून १८१३ सालीं मुंबईस मिशनरी आले, त्याच देशांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं पुढें स्वतःच्या डोंगरांतहि मिशनरी पाठविले, हें आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेच्या पूर्व भागांत ॲपलाचियन नांवाची लांब डोंगरओळ आहे. तिच्या दक्षिणेकडे केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया इत्यादि संस्थानांचे डोंगराळ मुलूख येतात. तेथील मूळच्या चेरोकी लोकांपैकीं बहुतेकांस सरकारनें १८३८ सालीं बळानें घालवून दिलें. त्याआधींपासूनच तेथें येऊन वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांविषयीं पुढें पुष्कळ पुस्तकें झालीं. त्यांतील कांहीं लिखाणांवरून आज आपण एक धडा घेऊं. कोणत्याहि समाजाविषयींचें पुस्तक हातीं आलें असतां प्रथम विचारावें कीं, ह्यांत बोलतो कोण?

१. दुरून पाहणारा. केंटकींतील बेरिया कॉलेजचे अध्यक्ष विल्यम गुडेल फ्रॉस्ट ह्यांनीं १८९९ सालीं 'ॲटलांटिक मंथली' ह्या मासिकांत डोंगरी लोकांवर लेख लिहिला, आणि मथळ्यांतच त्यांस आपल्या काळांत जगणारे पूर्वज असें म्हटलें. हेतु चांगला होता. डोंगरी मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांस साह्य मिळवावयाचें होतें, आणि तेथील स्त्रियांनीं मागावर विणलेल्या चादरी विकण्याची सोयहि त्यांनीं केली. परंतु जिवंत शेजाऱ्यास पूर्वज म्हटलें कीं, तो मागें राहिलेला ठरतो. वाचकास त्याची दया येते. त्याचें दारिद्र्य कोठून आलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

२. कारण शोधणारा. हा प्रश्न केंटकींतील वकील हॅरी कॉडिल ह्यांनीं १९६३ सालच्या 'नाइट कम्स टु द कंबरलंड्स' ह्या पुस्तकांत विचारिला. जमीन तुमचीच राहील, आम्हांस केवळ तिच्या पोटांतील खनिज पाहिजे, असें सांगून कोळशाच्या व्यापाऱ्यांच्या दलालांनीं डोंगरी शेतकऱ्यांकडून कागद करून घेतले होते. मोबदला अगदीं थोडा होता, आणि सही करणाऱ्या कित्येकांस अक्षरओळख नव्हती. पुढें यंत्रें आलीं, आणि त्याच कागदांच्या जोरावर नातवंडांच्या देखत शेतें वरून खरवडलीं गेलीं. केंटकीच्या मतदारांनीं १९८८ सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती करून ह्यास आळा घातला. तथापि कॉडिल ह्यांच्या पुस्तकांतहि डोंगरी माणसांच्या कुळास हीन लेखणारे उद्गार आहेत. अन्याय ओळखणारा मनुष्यहि ज्याच्यावर अन्याय झाला त्यास कमी लेखूं शकतो, हें आपण ध्यानांत ठेवावें.

३. उपासना समजून घेणारी. मिशनरी डोंगरांत गेले तेव्हां, येथें धर्मच नाहीं, असें त्यांतील पुष्कळांस वाटलें. डेबोरा मक्कॉली ह्या विदुषीनें १९९५ सालच्या 'ॲपलाचियन माउंटन रिलिजन' ह्या ग्रंथांत दाखविलें कीं, तेथें धर्म होता. तो पाहुण्यांस ओळखतां आला नाहीं. लहान मंडळी, पगार न घेणारा व धर्मशाळेंत न शिकलेला उपदेशक, एकमेकांचे पाय धुण्याचा विधि, हें सर्व तेथें चालत होतें. कांहीं मंडळ्यांत एकानें गीताची ओळ म्हणावी व सर्वांनीं ती संथ सुरांत गावी, अशी रीत आजहि आहे. ज्या खेड्यांत वाचतां येणारे थोडे असत, तेथील उपदेशकांस ही रीत परकी वाटणार नाहीं.

४. ऐकणारीं मुलें. जॉर्जियांतील रेबन गॅप येथील शाळेंत १९६६ सालीं मुलांचें धड्यांत लक्ष लागेना, तेव्हां त्यांच्यासह एक मासिक काढण्याचें ठरलें. मुलें वृद्धांच्या घरीं गेलीं, त्यांचें बोलणें यंत्रावर टिपलें, व जसेंच्या तसें छापलें. त्यांतून १९७२ सालीं 'द फॉक्सफायर बुक' झालें. ओंडक्यांचें घर कसें रचावें, गोधडी कशी शिवावी, राखेच्या पाण्यापासून साबण कसा करावा, हें त्यांत करणाऱ्यांच्याच तोंडून आलें आहे. आरी कार्पेंटर नांवाची एक वृद्धा ओंडक्यांच्या घरांत एकटी राहत असे. मंडळी भेटीस आली तेव्हां ती डुकराचें मुंडकें साफ करीत होती. पाहुण्यांनीं बाह्या सारून तिला हात लाविला, आणि मग बोलणें निघालें. ह्या पुस्तकांत ती दयेचा विषय नाहीं. ती शिकविणारी आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या खेड्यांविषयींहि परक्यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांतील दया वाचून आपल्यास कधीं संकोच झाला असेल. परंतु आपणहि दुसऱ्या वस्तींत जातों, परत येऊन तेथील लोकांचें वर्णन करितों, आणि तीच चूक आपल्या हातूनहि होते. ऐकून घेण्याआधीं उत्तर देणें ही मूर्खता होय, असें नीतिसूत्रांत सांगितलें आहे. यास्तव प्रथम हात लावावा, मग ऐकावें, आणि सर्वांशेवटीं लिहावें.

विचारासाठीं प्रश्न
१. फ्रॉस्ट ह्यांचा हेतु चांगला असूनहि उणें काय राहिलें?
२. मिशनऱ्यांस डोंगरी लोकांचा धर्म कां दिसला नाहीं?
३. आपल्या मंडळींतील कोणत्या वृद्धाचें बोलणें अजून कोणीं लिहून घेतलें नाहीं? ह्या आठवड्यांत त्याजकडे कोण जाईल?