पेसाखचा भात

अगं, काल फोनवर तू ‘काही नाही’ म्हणालीस, पण तुझा आवाज पडलेला होता. नंतर आईने सांगितलं. वर्गात पेसाख सणाच्या खाण्याची यादी चालली होती, तांदूळ ‘चालत नाही’च्या रकान्यात गेले, तू म्हणालीस आमच्याकडे भात असतो, आणि एका मुलीने विचारलं, तुम्ही नक्की ज्यू ना?

आता नीट ऐक. पेसाखला मनाई आहे ती गहू, जव अशा पाच धान्यांच्या आंबवलेल्या पदार्थांना. तांदूळ न खाणं ही अश्केनाझींची, म्हणजे युरोपातल्या ज्यू घराण्यांची रीत. सोळाव्या शतकात योसेफ कारोंनी ‘शुल्हान आरूख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ लिहिला, त्यात भात चालतो. त्यावर पोलंडच्या मोशे इस्सर्लेसनी लिहिलं की आमच्याकडे खात नाहीत. आजही ही दोन्ही मतं एकाच पानावर छापतात. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह रब्बींच्या समितीने तर 2015 साली अश्केनाझींनाही भाताची मोकळीक दिली. आणि आपण तर बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. तेव्हा आपल्या आजीच्या पानातला भात ही कुणी दिलेली सूट नव्हे. तो आपला मिनहाग, म्हणजे परंपरेने चालत आलेली रीत आहे, आणि मिनहागला धर्मशास्त्रात मान आहे.

म्हणून रब्बींना सरळ विचार, सगळ्या वर्गासमोर. हट्टाने नको, जाणून घ्यायला विचार. ज्यू शाळेत मला सगळ्यात मोलाचा वाटायचा तो तल्मूद या धर्मग्रंथाचा तास, जोडीने बसून वाद घालायचा. त्यातल्या वादांत हिल्लेल या गुरूच्या घराण्याचा निर्णय बहुतेक ठिकाणी मानला गेला, तरी विरुद्ध बाजूच्या शम्मायच्या घराण्याचं म्हणणं कुणी खोडून टाकलं नाही. जो धर्म न मानलेलं मतसुद्धा इतकी शतकं जपतो, त्यात तुझ्या प्रश्नाला जागा असणारच.

‘नक्की ज्यू ना?’ हा प्रश्न मात्र जुना आहे गं, आणि तो दुखतो. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींना लग्नाच्या वेळी तो विचारला गेला. त्यांनी धरणं धरलं, उपोषणं केली, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठणकावून सांगितलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. त्या मुलीवर राग धरू नकोस, तिला हे कुणी शिकवलेलंच नाही. पण तू पुरावे देत बसू नकोस. तिला घरी बोलाव. आई मटणाच्या रश्शात नारळाचं दूध का घालते ते दाखव. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम कोकणातल्या आपल्या बायकांनी नारळावर किती चवीने पाळला, ते तिला जेवतानाच कळेल.

आणखी एक, तू हळूच विचारलंस ते. सकाळच्या प्रार्थनेत मन लागत नाही. नाही लागत रोज, मोठ्यांचंही नाही. अमिदा ही प्रार्थना म्हणायला उभी राहिलीस की सगळं मनापासून म्हणायचा ताण घेऊ नकोस. आजारी माणसांसाठीचा आशीर्वाद येईल तिथे थांब आणि आजीचं नाव मनात घे. बाकीचं नुसतं वाचलंस तरी चालेल. डोळे मिटून भक्तीचं सोंग तेवढं करू नकोस.

रविवारी आजीला फोन लावू. आपल्या मलिद्याच्या नैवेद्यात पोहे, खोबरं, साखर किती घ्यायची ते तिच्याकडूनच लिहून घे, आणि त्या वेळचं एलियाहू हानावीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं गाणं तिला म्हणायला लाव. मीही येते कॉलवर.