मनाईहुकुमाचा शोध

पंचवटी, नाशिक

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोहोचले. तुझा डेबियनचा लॅपटॉप सुरू केला की वायफाय बंदच राहते, 'सुडो मॉडप्रोब बी४३' असा हुकूम दिला की तत्काळ चालू होते, आणि बी४३ हे ड्रायव्हर-मॉड्यूल आपोआप लोड व्हावे म्हणून 'मॉड्यूल्स-लोड.डी' या डिरेक्टरीत त्याचे नाव लिहूनही उपयोग झाला नाही, असा तुझ्या तक्रारीचा मथितार्थ दिसतो. मुक्त विद्यापीठाचा अभ्यास घरी बसून करणाऱ्यास ही अडचण रोज किती जाचत असेल, हे मी जाणतो. तथापि ते नाव आणखी कोठे लिहावे, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी देणार नाही, कारण ते लिहिण्याची गरज मुळात पडावयासच नको होती.

संगणक सुरू होताना प्रत्येक कार्ड आपल्या निर्मात्याचा व प्रकाराचा क्रमांक कर्नलला सादर करते. तुझ्या ब्रॉडकॉम वायफाय कार्डाचा निर्माता-क्रमांक १४ई४ आहे. कचेरीत आलेला अर्ज कोणत्या मेजावर जावयाचा हे जसे नोंदवही पाहून ठरते, तसे 'यूडेव्ह' ही यंत्रणा 'डेपमॉड'ने सिद्ध केलेल्या यादीत तो क्रमांक शोधून जुळणारे मॉड्यूल लोड करविते. आता तुझ्या हुकुमाने वायफाय चालते, त्याअर्थी मॉड्यूल शाबूत आहे, चालू कर्नलशी जुळते आहे आणि फर्मवेअरही जागेवर आहे. राहता राहिला संशय एकच: बी४३च्या नावे कोठेतरी 'ब्लॅकलिस्ट' अशी मनाई नोंदलेली असावी. क्रमांक जुळवून आलेली मागणी ही मनाई नामंजूर करते, मॉड्यूल्स-लोड.डी मधील नावालाही ती जुमानीत नाही, परंतु मनुष्याने स्वतः नाव घेऊन दिलेला हुकूम मात्र ती अडवीत नाही. म्हणूनच तू इतका चकलास.

ब्रॉडकॉम कंपनीचा बंदिस्त 'डब्ल्यूएल' ड्रायव्हर तू पूर्वी बसवून मग काढलास, असे लिहितोस. एका कार्डावर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगू नये म्हणून तो बसताना बी४३ला मनाई करतो, आणि डेबियनात 'ॲप्ट रिमूव्ह'ने पॅकेज गेले तरी ईटीसीमधील त्याचे दफ्तर त्या मनाईसकट मागे उरते.

तू बी४३कडे वळलास याचा मला मनापासून आनंद आहे. कंपनीने आपल्या कार्डांची माहिती दिली नव्हती, तेव्हा काही स्वतंत्र मंडळींनी बंदिस्त ड्रायव्हरचे वर्तन तपासून त्याचे वर्णन लिहिले, आणि ज्यांनी तो ड्रायव्हर पाहिलाही नव्हता अशा दुसऱ्यांनी केवळ त्या वर्णनावरून नवा रचिला. २००६ साली २.६.१७ या कर्नलमध्ये तो बीसीएम४३एक्सएक्स या नावाने दाखल झाला, आणि बी४३ हा त्याचाच वारस. असा चिकाटीचा व सचोटीचा उद्योग मी फार थोडा पाहिला आहे. सवड काढून त्याची हकीकत अवश्य वाच.

तर आता ईटीसी व लिब या दोन्हींतील 'मॉडप्रोब.डी'मध्ये 'ग्रेप'ने बी४३चा शोध घे. मनाईची ओळ जुन्या पॅकेजचा अवशेष निघाली, तर 'ॲप्ट पर्ज'ने त्याचा पुरता निकाल लाव. अन्यथा ओळ न पुसता तिच्या आरंभी # हे चिन्ह घाल आणि शेजारी तारीख व कारण लिहून ठेव. तदनंतर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालव, कारण बूटच्या प्रारंभी वाचली जाणारी प्रत निराळी असते आणि तीत जुनी मनाई तशीच राहू शकते. मॉड्यूल्स-लोड.डी मधील तुझी नोंदही काढून टाक. मग लॅपटॉप नव्याने सुरू करून 'एलएसपीसीआय -के'मध्ये कार्डापुढे कोणता ड्रायव्हर आला, ते मला कळव.

तुझा मामा