घरट्यातली पंगत

शाहूपुरीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलो, की हाती मोबाइल असतो. त्यात दूरदेशीचे घरटेही पाहता येते. ते कसे?

युरोपात एस्टोनिया नावाचा लहानसा देश आहे. तिथल्या रानात काळा करकोचा उंच, जुन्या झाडावर घरटे बांधतो. हा पक्षी फार बुजरा. माणसाला जवळ येऊ देत नाही. म्हणून घरट्याजवळ कॅमेरा बसवला आहे. माणूस दूर राहतो, कॅमेरा सारे दाखवतो.

काय दिसते? तीन-चार पिल्ले बसली आहेत. अंगावर पांढरी लव. आई ओढ्यावरून येते. चोच तर रिकामीच! पण मासे, बेडूक तिने गिळून आणले आहेत. ती वाकते, सारे घरट्यात ओकते. पिल्ले तुटून पडतात. मग बाप येतो. तोही तसेच भरवतो. असे दोन महिने चालते. मग पिल्ले उडू लागतात.

पण ओढा आटला, मासे कमी झाले, तर? थोरली पिल्ले खातात. धाकटे उपाशी राहते. कधी कधी ते मरतेही.

हिवाळ्यात काळा करकोचा आपल्या महाराष्ट्रातही पाहुणा येतो. काळे अंग, पांढरे पोट, तांबडी चोच, तांबडे पाय. उथळ पाण्यात तो मासे शोधतो. म्हणून मासे धरायला पाण्यात विष टाकू नये, सुरुंग लावू नये. ओढा मेला, तर पाहुणा उपाशी जाईल. आपलेही पाणी नासेल.

तुमच्या गावचा ओढा कसा आहे?