स्पष्ट ‘नाही’ मागून घ्या

माझ्या मनातलं त्याला कधी कळलंच नाही, असं तो आता आमच्या ग्रुपमध्ये सांगत फिरतो. साफ खोटं आहे. सिंहगडावर पिठलं-भाकरी समोर ठेवून मी त्याला सरळ विचारलं होतं. ‘सध्या माझंच काही ठरत नाहीये गं. आपलं चाललंय ते छान आहे ना?’ एवढं बोलून त्यानं ताक मागवलं. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींपासूनची मैत्री, मी थांबले. त्याचे रात्रीचे फोन सुरूच राहिले. त्याच्या बाबांची बायपास झाली तेव्हा डबा माझ्याच घरून जायचा.

मग एके दिवशी लक्ष्मी रोडवर साडीखरेदी. त्याचं लग्न ठरल्याचं मला आदल्याच रात्री कळलेलं. त्यानं जांभळी पैठणी उलगडायला लावली, पदर माझ्या खांद्यावर टाकला आणि फोटो काढून होणाऱ्या बायकोला पाठवला. ‘तिचा रंग तुझ्यासारखाच आहे, म्हणून.’ दुकानातले काका मलाच नवरी समजून काठावरचे पोपट दाखवत होते. त्यानं त्यांना सांगितलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘तू समजून घेशील याची खात्री होती मला.’ म्हणजे सगळं ठाऊक होतं! इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि सोयीचं होतं म्हणून गप्प होता.

तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर व्हॉट्सॲपवर विचारू नका, समोर बसून विचारा. ‘सध्या’, ‘बघू’, ‘वेळ दे’ ही उत्तरं नकाराचीच समजा. उत्तर मिळेपर्यंत त्याच्या घरच्या आजारपणात, भांडणांत पडू नका. तिथून पाय काढणं सगळ्यात अवघड जातं. ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) पाहून आमच्या पिढीतल्या कितीतरी जणी वाट बघायला शिकल्या. त्यात मैत्रिणीकडे वळायला नायकाला आधी विधुर व्हावं लागतं, हे कुणी लक्षात घेत नाही.

स्वतःला कामात गुंतवा, फिरायला जा, जवळच्या माणसांशी बोला. आणि लग्नाच्या तयारीत हक्काची मैत्रीण म्हणून राबायला जाऊ नका. लोक काय म्हणतील याची काळजी त्यानं करावी. त्याचं केळवण आपल्याकडे करू या, असं आई म्हणाली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं त्याच्या आईला फोन करून ‘आम्हाला जमणार नाही’ एवढंच कळवलं. कारण विचारायला त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही.