विमानाच्या नाकातील पोलादी भिंत

एका इंजिनाच्या लहान विमानात इंजिन बहुधा नाकात असते आणि त्याच्या लगेच मागे वैमानिकाचे पाय असतात. या दोहोंमध्ये केवढा जाड पत्रा असेल? पुष्कळ विमानांत तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो! या पत्र्याला ‘फायरवॉल’, म्हणजे अग्निरोधक भिंत, म्हणतात.

अमेरिकेत अनेक हौशी लोक स्वतः विमाने बांधतात. विमानाचे खास इंजिन महाग, म्हणून काहीजण मोटारीचे इंजिन बसवतात. मिनेसोटा राज्यातील बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या ‘एअर कँपर’ विमानाला फोर्ड मोटारीचे इंजिन जोडले. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी ‘कॉर्व्हेअर’ मोटारीचे, हवेने थंड होणारे इंजिनही वापरले. असा बदल करताना नवे इंजिन चढवण्याआधी ही भिंत नीट तयार करावी लागते.

प्रथम पत्रा कशाचा, ते पाहू. ॲल्युमिनियम हलके खरे, पण ते ६६० अंश सें. तापमानाला वितळते. पेट्रोलच्या ज्वाळेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. स्टेनलेस स्टील मात्र सुमारे १,४०० अंशांपर्यंत वितळत नाही. अमेरिकेच्या जुन्या नियमावलीत भिंतीने सुमारे १,१०० अंशांची ज्वाळा १५ मिनिटे अडवावी, अशी कसोटी होती. ०.३८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा या चाचणीवाचूनही चालत असे. पंधरा मिनिटे कशासाठी? वैमानिकाला विमान खाली उतरवता यावे म्हणून!

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. पातळ पत्रा ज्वाळा अडवतो, उष्णता नव्हे. तो स्वतः लालबुंद होऊ शकतो. म्हणून त्याच्या मागच्या बाजूस पेट घेणारे अस्तर चिकटवू नये. काही बांधणारे इंजिनाच्या बाजूने सिरॅमिक तंतूंची गादीही लावतात.

आता भोकांकडे वळू. जुने इंजिन काढले, की तारा, केबली आणि नळ्यांची जुनी भोके उघडी पडतात. नव्या इंजिनाची भोके वेगळ्या जागी येतात. जुन्या प्रत्येक भोकावर पोलादी ठिगळ पोलादी रिव्हेटांनीच बसवावे. ॲल्युमिनियमचे रिव्हेट वितळले, तर ठिगळ गळून पडेल आणि सारे श्रम फुकट जातील. पेट्रोलची नळी जिथून आरपार जाते, तेथील जोडही पोलादी हवा. पेट्रोल बंद करण्याची तोटी वैमानिकाच्या हाताशी असावी. उरलेल्या फटी आग सोसणाऱ्या लुकणाने बुजवतात.

आग लागली नाही, तरी फट घातकच. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची वाट अडवतो. वैमानिकाला गुंगी येते, पण कारण समजत नाही. म्हणून काम संपल्यावर अंधारात इंजिनाच्या बाजूला दिवा लावून आतून पाहावे. जिथून उजेड येतो, तिथून धूरही येईल.

शेवटी वजनाचा हिशेब. समजा, नवे इंजिन १० किलोग्रॅम जड आहे आणि विमानाच्या गुरुत्वमध्यापासून १२० सेंमी. पुढे आहे. परिबल १० × १२० = १,२०० ने वाढले. नाक फार जड झाले, तर उतरताना ते वर उचलणे कठीण जाते. यावर उपाय काय? भिंतीवरची ८ किलोग्रॅमची बॅटरी १५० सेंमी. मागे न्या. ८ × १५० = १,२००. गुरुत्वमध्य पुन्हा पूर्वीच्या जागी! पण विमानाचे एकूण वजन १० किलोग्रॅमने वाढलेलेच राहते, हे विसरू नका.

करून पहा : ३० सेंमी.ची पट्टी पेन्सिलीवर मध्यभागी तोलून धरा. डावीकडे मध्यापासून १० सेंमी.वर सारखी दोन नाणी ठेवा. उजवीकडे ५ सेंमी.वर तशीच किती नाणी ठेवल्यास तोल साधेल? आधी गणित करा, मग नाणी ठेवा. विमान बांधणाऱ्यालाही हाच क्रम पाळावा लागतो. त्याच्या गणितातील चूक मात्र जमिनीवर नव्हे, आकाशात उघडकीस येते.