हरवलेली खोली आणि दोन कान

नाशिक, वैशाख

चिरंजीव भाच्यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, इंदिरानगरच्या सदनिकेत रात्री चित्रपट पाहण्यासाठी वायरलेस सराउंड हेडफोन घेण्याचे चिरंजीवाने योजिले असून, बाजारातील खोक्यांवर छापलेल्या ५.१, ७.१, ९.१ अशा आकड्यांपाशी त्याचा निर्णय अडला असल्याचे त्याच्या आईकडून समजले. वस्तू महागाची आहे, कानाशी तिचा संबंध आहे आणि ती एकदा घेतली की चारपाच वर्षे वापरायची आहे. म्हणून या विषयाची उकल सविस्तर केलेली बरी.

हेडफोनची गरज खरी आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत परिसरातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक असून नेहमीच्या बोलण्याचा आवाजदेखील ४५ डेसिबलच्या वर जातो. ज्या घरात वडिलांना सातपूरच्या कारखान्यातील पहिल्या पाळीसाठी पहाटे उठायचे असते आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक असते, तेथे हाणामारीच्या चित्रपटाचा आवाज स्पीकरवर मोकळा सोडणे शोभत नाही. कानापुरता आवाज ठेवण्याची इच्छा हा शेजारधर्मच होय.

चित्र आणि ध्वनी यांचे नाते समजून घेण्यास नाशिककराला दूर जावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला; १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले काम नाशकास आणले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे जवळजवळ सारे चित्रपट मूक होते, तरी त्या काळी चित्रपट नि:शब्दपणे पाहिला जात नसे, कारण पडद्याजवळ बसलेले वादक पेटी-तबल्याची साथ करीत. म्हणजे आवाज तेव्हा फितीवर नव्हता, तो त्या खोलीत होता. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर आवाज फितीवर चढला, पण तो पडद्यामागून एकाच दिशेने येई. १९७५ साली ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह दाखविला गेला, १९९२ पासून डॉल्बी डिजिटलचा ५.१ ध्वनी चित्रपटगृहांत आला आणि २०१२ साली डॉल्बी ॲटमॉसने छतावरूनही आवाज उतरविला. या सर्व काळात दिशा दाखविण्याचे काम खोलीनेच केले: पडदा समोर, स्पीकर भोवती आणि प्रेक्षक मध्ये. हेडफोन लावला की ती खोलीच नाहीशी होते आणि उरतात ते कानांना टेकलेले दोन छोटे स्पीकर. नाहीशी झालेली ती खोली कानाला परत कशी द्यावयाची, हाच सराउंड हेडफोनचा मूळ प्रश्न असून पुढील सर्व निवड या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

खोक्यावरील आकड्यांचा अर्थ साधा आहे. ५.१ म्हणजे पाच मुख्य वाहिन्या, म्हणजेच ध्वनीचे पाच स्वतंत्र प्रवाह: समोर डावा, समोर उजवा, मध्य, मागे डावा आणि मागे उजवा; टिंबानंतरचा १ हा केवळ खर्जातील गडगडाटासाठी राखलेला सहावा प्रवाह होय. यांपैकी मध्य वाहिनी सर्वांत मोलाची, कारण पात्रांचे बोलणे बहुधा तिच्यातूनच येते. ७.१ मध्ये आणखी दोन वाहिन्या मिळतात. ॲटमॉसची रीत याहून वेगळी आहे, कारण तेथे एखाद्या आवाजासोबत तो अवकाशात कोठे आहे याची नोंद ठेवलेली असते आणि तो कोणत्या स्पीकरने वाजवावा हे उपकरण ऐन वेळी ठरविते.

माणसाला मात्र कान दोनच आहेत आणि तेवढ्यांवरच तो अंधारातही आवाजाची दिशा ओळखतो. ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद असल्याने उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. शिवाय मधले डोके उंच स्वर काही अंशी अडविते, त्यामुळे दूरच्या कानात ते क्षीण होतात. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०७ साली डाव्या-उजव्या दिशेचे ज्ञान या दोन खुणांच्या आधारे स्पष्ट केले. पुढचा आणि मागचा आवाज ओळखण्याचे काम मुख्यतः बाह्यकर्णाच्या वळ्या करतात, कारण प्रत्येक दिशेने येणाऱ्या आवाजाला त्या निराळा रंग देतात. याची प्रचिती घरातच घेता येते. डोळे मिटून, मान स्थिर ठेवून खुर्चीत बसावे आणि धाकट्या बहिणीला कधी नाकासमोर, कधी डोक्यामागे किल्ल्यांचा जुडगा हलविण्यास सांगावे. जुडगा कोठे आहे हे बहुधा बरोबर सांगता येते. मग दोन्ही कानांच्या वळ्या बोटांनी दुमडून, कानाचे भोक मात्र मोकळे ठेवून, हाच प्रयोग पुन्हा करावा. पुढचे आणि मागचे यांत गोंधळ होऊ लागतो. मान किंचित वळविली की तो गोंधळ पुष्कळसा दूर होतो, कारण मानेच्या हालचालीने दोन्ही कानांतील फरक बदलतो आणि त्यावरून मेंदू दिशा ताडतो.

सराउंड हेडफोनचा यंत्रभाग याच खुणांची नक्कल करतो. डोके आणि कान प्रत्येक दिशेच्या आवाजात जो बदल घडवितात, त्याचे मोजमाप घेऊन ते गणिती रूपात साठविलेले असते आणि पाच-सात वाहिन्यांतील आवाज त्या गणितातून गाळून दोन कानांसाठी दोनच प्रवाह तयार केले जातात. यास आभासी सराउंड म्हणतात. काही हेडफोनांत याऐवजी प्रत्येक कपात चार-चार छोटे स्पीकर बसविलेले असतात आणि त्यांनाच ‘खरे’ सराउंड म्हणून विकले जाते. पण कानापासून दोन-तीन सेंटिमीटरवर दाटीने बसविलेल्या या स्पीकरांना खोलीचे अंतर देता येत नाही आणि जागेच्या टंचाईमुळे त्यांचा आकारही लहान ठेवावा लागतो. म्हणून आभासी या शब्दाने बिचकू नये आणि स्पीकरांच्या संख्येला भुलू नये. प्रत्येक कपात एकच, पण चांगला स्पीकर असणे हे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. साठविलेले मोजमाप दुसऱ्याच्या डोक्याचे असल्याने एकाला समोर वाटणारा आवाज दुसऱ्याला कपाळाच्या आत वाटू शकतो. मान वळविली तरी आवाज पडद्याच्या जागीच ठेवणारी, म्हणजे डोक्याचा मागोवा घेणारी सोय असेल, तर ही उणीव बरीच भरून निघते. मित्राने शिफारस केलेला हेडफोन स्वतःच्या कानावर पारखल्याशिवाय घेऊ नये, याचे कारण हेच.

यानंतर आवाज कोणत्या वाटेने येतो ते पाहावे. चित्रपटातील सहा वाहिन्या टीव्हीतून हेडफोनपर्यंत सहाच राहतात की वाटेत दोन होतात, हे खोक्यावर लिहिलेले नसते. टीव्हीच्या नेहमीच्या ब्लूटूथमधून संगीत-चित्रपटाच्या फक्त दोनच वाहिन्या जातात, त्यामुळे सराउंडचे गणित टीव्हीने आधीच केलेले नसेल, तर हेडफोन केवळ स्टिरिओवरून अंदाज बांधतो. ज्या संचासोबत वेगळे प्रक्षेपक-खोके मिळते आणि ते एचडीएमआयच्या एआरसी जोडणीने किंवा प्रकाशतंतूच्या म्हणजे ऑप्टिकल केबलने टीव्हीला जोडता येते, त्यात ५.१ ध्वनी मूळ स्वरूपात पोहोचू शकतो. मात्र टीव्हीच्या ध्वनी-मांडणीत पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम निवडलेले असावे लागते. टीव्ही आणि हेडफोन या दोघांचेही सराउंड एकाच वेळी चालू ठेवल्यास बोलणे विहिरीतून आल्यासारखे पोकळ होते, म्हणून दोहोंपैकी एकच चालू ठेवावे. प्रभात फिल्म कंपनीचे जुने चित्रपट एकाच वाहिनीवर मुद्रित झालेले आहेत. ते पाहताना सराउंड बंदच ठेवावे, कारण मुळात नसलेली खोली यंत्राने निर्माण केली तर त्या काळचा आवाज विटतो.

वायरलेस हेडफोनच्या निवडीत सर्वांत जपून तपासावयाची गोष्ट म्हणजे विलंब, अर्थात चित्र दिसणे आणि त्याचा आवाज कानी पडणे यांतील अंतर. गोदाघाटावर पलीकडच्या काठी कोणी दगडावर कपडे आपटीत असेल, तर हात आधी खाली आलेला दिसतो आणि धप्प आवाज मागाहून येतो. निसर्गात आवाज नेहमी मागूनच येत असल्यामुळे थोडा उशीर मन सहज पत्करते, पण चित्राच्या आधी आलेला आवाज लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीतही हाच भेद दिसतो: आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद उशिरा आला की तो लक्षात येऊ लागतो. चित्रपटगृहात पडद्यापासून २० मीटरवर बसलेल्यास आवाज जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिराच ऐकू येतो आणि त्याची कोणी तक्रार करीत नाही. साध्या ब्लूटूथचा विलंब मात्र अनेकदा २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातो, म्हणजे सुमारे ६९ मीटरवरून ऐकल्यासारखे होते आणि ओठ व शब्द यांची फारकत होते. स्वतःचे प्रक्षेपक असलेले संच किंवा टीव्ही आणि हेडफोन या दोन्ही टोकांना अल्पविलंब पद्धती असलेले ब्लूटूथ संच येथे सरस ठरतात. एकाच टोकाला ती असून उपयोग होत नाही.

असे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरपट्ट्यावर चालतात. भारतात त्याला परवाना लागत नाही, पण घरचे वाय-फाय, शेजाऱ्यांचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टी हीही त्याच पट्ट्यात असल्यामुळे प्रक्षेपक-खोके राउटरपासून दूर आणि मोकळ्या जागी ठेवावे. टीव्हीच्या पत्र्यामागे ते दडवू नये. अमेरिकेतील नातलगांनी तेथील जुन्या धर्तीचा ९०० मेगाहर्ट्‌झचा संच पाठविण्याची तयारी दाखविली, तर आदराने नाही म्हणावे, कारण त्या पट्ट्याचा काही भाग भारतात मोबाईल सेवेकडे आहे. शिवाय तेथील चार्जर केवळ १२० व्होल्टचा असू शकतो आणि येथील वीज २३० व्होल्टची आहे.

अंगावरच्या वस्तूला अंगाचा न्याय लावावा. नाशिकच्या वैशाखात बंद कपाच्या चामडी गाद्या अर्ध्या तासात घामेजतात, तेथे कापडी किंवा मखमली गाद्या सुखाच्या ठरतात. पाठीमागून जाळीदार, म्हणजे ओपन-बॅक, हेडफोनात आवाज मोकळा आणि डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो व दाराची घंटाही ऐकू येते, पण त्याचा आवाज बाहेर झिरपतो. झोपलेल्या माणसाच्या खोलीत बसून पाहायचे असेल, तर बंद पाठीचाच घ्यावा. तीन तासांच्या चित्रपटात वजन मानेला जाणवते. बॅटरी बदलता येणारी असल्यास हेडफोनचे आयुष्य तिच्या आयुष्याबरोबर संपत नाही.

महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानात जाताना ओळखीचा एखादा चित्रपट मोबाईलमध्ये घेऊन जावे आणि दुकानदाराने लावलेल्या स्फोटांच्या नमुन्यावर भुलू नये. प्रथम दोन माणसांच्या शांत संवादाचे दृश्य लावून प्रत्येक शब्द कळतो का ते ऐकावे. नंतर डोळे मिटून ते बोलणे समोर वाटते की कपाळात, हे मनाशी ठरवावे. शेवटी दार ठोठावण्याचे किंवा तबल्यावर थाप पडण्याचे दृश्य लावून हात आणि आवाज यांचा मेळ पाहावा. विलंबाची ही शेवटची कसोटी घरच्या टीव्हीवर पुन्हा घ्यावी लागते, म्हणून वस्तू परत करण्याची मुदत आधी विचारून घ्यावी. या कसोट्यांना उतरलेला साधा हेडफोन मोठ्या आकड्यांच्या हेडफोनऐवजी निःशंकपणे घ्यावा.

वस्तू कितीही उत्तम असली, तरी कान तिच्याहून मोलाचा आहे. आतील कानात शंखासारख्या वळलेल्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाचे रूपांतर संदेशात करणाऱ्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही, परंतु पातळी दर ३ डेसिबलने वाढली की ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला ती ५ तासांवर येते. बाहेरचा गोंगाट बुडविण्यासाठी आवाज चढविण्याची सवय लागू देऊ नये. संवाद कळण्यापुरती पातळी एकदा ठरवून स्फोटाच्या दृश्यात हात आवरावा. चित्रपटानंतर कानात गुणगुण राहिली, तर त्या रात्रीची पातळी अधिक होती हे समजून दुसऱ्या दिवशी ती उतरवावी.

अखेरची गोष्ट कानाची नसून घराची आहे. वडिलांना अलीकडे संवाद नीट ऐकू येत नाहीत, असे आईने कळविले आहे; म्हणून एकाच वेळी दोन हेडफोनांना आवाज देणारा संच, किंवा एका टीव्हीवरून अनेक हेडफोनांना ध्वनी पुरविणारी ऑराकास्ट ही नवी ब्लूटूथ सोय असलेला संच परवडत असेल, तर तोच घ्यावा आणि रविवारी दुसरा हेडफोन वडिलांच्या कानावर चढवून, त्यांच्या शेजारी बसून एक चित्रपट पाहावा. यंत्र कानाला खोलीचा आभास देते, पण ज्या खोलीत आई-वडील बसलेले आहेत ती खोली कोणत्याही यंत्रातून मिळत नाही. चिरंजीवाने हेडफोन अवश्य घ्यावा, नीट पारखून घ्यावा आणि तो लावलेला असतानाही हाक मारणाऱ्याच्या हाकेला ओ देता येईल एवढा कान मोकळा ठेवावा.

कळावे, लोभ असावा. तीर्थरूपांस साष्टांग नमस्कार, लहान भाचीस आशीर्वाद.

शुभं भवतु.

मामा