माळ्यावरचा पितळी स्टोव्ह

जुन्या वस्तूंच्या संग्रहाची आवड बहुधा बालपणीच्या आठवणींतून उपजते. जी वस्तू लहानपणी नित्य दृष्टीस पडते, तिचा आवाज व वास मनात घर करून राहतो. पुढे ती नाहीशी झाली म्हणजे तिची उणीव भासू लागते. गोव्यातील आमच्या घरी अशी वस्तू म्हणजे पितळी स्टोव्ह. त्याच्या भरभर आवाजानेच आम्हांस पहाटे जाग येई. आज आम्ही असे जुने स्टोव्ह जमवितो, त्याचे मूळ त्या आवाजात आहे.

हा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास तो तयार केला आणि 'प्रायमस' या नावाने तो जगभर गेला. स्पिरिटमध्ये भिजविलेल्या काकड्याने प्रथम बर्नर तापवीत. मग पंप मारला की टाकीतील हवेचा दाब वाढून रॉकेल वर चढे. तापलेल्या नळीत त्याची वाफ होई; ती निपलच्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने बाहेर पडे व हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळे. त्यामुळे भांड्यांस काजळी फारशी धरत नसे. छिद्र तुंबले की पिन मारावी लागे. १९११ साली दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या आमुंडसेनच्या तुकडीनेही प्रायमसच नेला होता.

आमच्या आजीस ध्रुवाची वार्ता नव्हती. परंतु पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल फुंकताना डोळ्यांस लागणाऱ्या धारा तिला ठाऊक होत्या. स्टोव्ह घरात आला त्या दिवशी आपली धुरातून सुटका झाली, असे ती कोंकणीतून आम्हांस पुन्हा पुन्हा सांगे. पुढे गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेला, आणि असे कित्येक स्टोव्ह पितळेच्या भावाने मोडीत निघाले.

पुण्याचे दि. गं. केळकर यांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा साध्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहालयास दिले आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका घरातील दुःखातून साऱ्या समाजाचा ठेवा उभा राहिला.

विद्यार्थिमित्रहो, संग्रहास धन लागतेच असे नाही. वही मात्र लागते. वस्तू कोणी घेतली, कोण वापरीत असे, घरात तिला काय म्हणत, हे टिपून ठेवा. जुना स्टोव्ह मात्र पेटवू नका. त्याच्या भडक्याने अनेक स्त्रिया भाजल्या आहेत, हेही त्या वहीत लिहिण्याजोगे सत्य आहे. वस्तू कदाचित बाजारातही मिळेल; तिची हकीकत केवळ घरातील वडीलधाऱ्यांपाशी असते. ती माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.